जर्मन कविता, त्यांच्या चाली आणि त्यांतल्या बायका
(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात केलेले भाषण)



वर्धापनदिनी बाहेरचे पाहुणे बोलावण्याऐवजी सभासदांपैकीच कोणीतरी बोलावे असे यंदा ठरले आणि चिठ्ठी माझ्या नावाची निघाली. विषय कोणता, असे विचारल्यावर मी "जर्मन गाणी" म्हटले, तेव्हा दोघीतिघींनी एकमेकींकडे पाहिले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे आणि जर्मन भाषेचे अक्षर मला ओळखत नाही, मग पाहणारच! पण गाणे ऐकायला कान पुरतात, आणि अर्थ कोणी समजावून दिला तर तो कळतो. दुपारची कामे आटोपली की मी ही गाणी मोबाईलवर ऐकते. अर्थ जाणत्यांकडून समजून घेऊन वहीत उतरवून ठेवला आहे. त्या वहीतलेच आज थोडे सांगणार आहे.

अठराव्या शतकाच्या अखेरीस जर्मन मुलखात कवितेचे वळण पालटले. तोपर्यंत विद्वानांनी विद्वानांसाठी लिहावे, देवादिकांवर नाहीतर राजेरजवाड्यांवर लिहावे, अशी रीत होती. आता कवी साध्या माणसाच्या मनावर लिहू लागले. पिठाच्या चक्कीवरचा पोऱ्या, कोळ्याची मुलगी, रानातली वाट, चांदणी रात्र हे त्यांचे विषय झाले. खेड्यापाड्यांतली लोकगीते त्यांनी गोळा केली आणि त्याच धाटणीवर स्वतः लिहिले. याला रोमँटिक कविता म्हणतात. आपल्याकडे केशवसुतांनी इंग्रजीतले असेच कवी वाचले होते, हे पुष्कळजणींना ठाऊक असेल. जर्मन कवींत सर्वांत थोर तो गटे. जन्म १७४९, मृत्यू १८३२. त्याला रोमँटिक म्हणावे की म्हणू नये यावर पंडितांचा वाद आहे. तो त्यांच्याकडेच राहू द्यावा.

याच सुमारास तिकडच्या बऱ्या स्थितीतल्या घरांतून पियानो आला. आपल्याकडे पुढे घरोघर बाजाची पेटी आली, तसाच. घरातल्या मुलींना तो शिकवीत. नाटकगृहातले गाणे वेगळे आणि देवळातले वेगळे. घरात चारजणांत बसून एकाने गावे आणि एकाने पियानो वाजवावा असे गाणे हवे होते, आणि त्याला शब्द या नव्या कवींनी पुरविले. अशा गाण्याला जर्मन भाषेत 'लीड' म्हणतात. आपला 'भावगीत' हा शब्द त्याला चपखल बसतो. कविता नामांकित कवीची, चाल नामांकित संगीतकाराची, आणि गाणारा एकटा.

ही गाणी ऐकताना एक गोष्ट माझ्या मनाला लागली. चाल लावणारा हा आधी कवितेचा वाचक असतो. कोठे थांबायचे, काय पुन्हा म्हणायचे, काय गाळायचे हे तो ठरवितो, आणि त्यावर कवितेतल्या बाईचे पुढे काय होते ते ठरते. हे मी उगाच म्हणत नाही, दाखविते.

गटेचे 'फाउस्ट' नावाचे नाटक आहे. त्याचा पहिला भाग १८०८ साली प्रसिद्ध झाला. म्हातारा पंडित फाउस्ट सैतानाशी करार करून तरुण होतो आणि ग्रेटशेन नावाच्या साध्या घरच्या मुलीला नादी लावतो. पुढे तिला मूल होते, ती ते मारते, वेडी होते आणि तुरुंगात जाते. हे काही नुसते कल्पनेतले नव्हे. गटेच्या गावी, फ्रँकफुर्टला, खाणावळीत काम करणाऱ्या एका मोलकरणीला याच गुन्ह्यासाठी १७७२ साली देहदंड झाला होता आणि ते प्रकरण त्याला चांगले ठाऊक होते. सर्वनाश होण्यापूर्वी ग्रेटशेन आपल्या खोलीत चरख्याशी एकटी बसली आहे असा प्रवेश नाटकात आहे. मनाचे स्वास्थ्य गेले, तो दिसला नाही तर जग कडू लागते, खिडकीतून पाहायचे ते त्याच्यासाठी आणि घराबाहेर पाऊल टाकायचे तेही त्याच्यासाठी, असे ती म्हणते.

या कवितेला १९ ऑक्टोबर १८१४ रोजी फ्रान्झ शुबर्टने चाल लावली. तो तेव्हा सतरा वर्षांचा होता आणि व्हिएन्नात वडिलांच्या शाळेत लहान पोरांना मुळाक्षरे शिकवीत होता. सतरा वर्षांच्या मुलाला बाईच्या मनातले इतके कसे कळले याचे नवल आजही लोक करतात. पियानोवर उजवा हात एकसारखा गरगर फिरत राहतो, ते चाक. आपला चरखा हाताने फिरवायचा असतो. त्यांचा पायाने, शिवणयंत्राच्या पायडलसारखा. डाव्या हाताच्या सुरांत ते पायडल ऐकू येते. बोलता बोलता तिचा आवाज चढत जातो. त्याची चाल, त्याचे हसणे, त्याच्या हाताचा स्पर्श, असे आठवत आठवत ती त्याच्या चुंबनाशी येते आणि तेथे चाक थांबते. पियानो गप्प. मग पुन्हा सुरू होऊ पाहते, अडखळते, परत अडखळते, आणि मग कोठे फिरू लागते.

माहेरचा फोन आला की गॅसवरचे दूध उतू जाते, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना ही जागा समजावून सांगावी लागत नाही. कवितेत कोठेही लिहिलेले नाही की आता हिचा हात थांबला. ते शुबर्टने वाचले.

त्याने आणखी एक केले. गटेची कविता संपते ती तिच्या ओढीच्या शिखरावर. त्याच्या मिठीत जीव गेला तरी चालेल, असे म्हणून ती थांबते. शुबर्टने तेथे थांबू दिले नाही. अगदी पहिल्या, मनाचे स्वास्थ्य हरवल्याच्या ओळी त्याने शेवटी पुन्हा आणल्या. आवाज उतरतो, चाक मात्र चालूच राहते. म्हणजे कवीने तिला शिखरावर सोडले आणि संगीतकाराने खाली आणून पुन्हा सुताशी बसविले. मला विचाराल तर शुबर्टचेच खरे वाटते. मन कोठेही गेले तरी पेळू संपवायचा असतोच!

आपल्याकडे जात्यावरच्या ओव्या आहेत आणि त्यांतही असेच हात कामात आणि मन दुसरीकडे असते. पण एक फरक लक्षात ठेवावा. ओव्या दळणाऱ्या बायकांनी स्वतः रचल्या. ग्रेटशेनचे मन गटेने लिहिले आणि शुबर्टने गायले, दोघेही पुरुष. त्यांनी चांगले लिहिले यात शंका नाही, पण ते दुसऱ्याने लिहिले.

शुबर्टचे दुसरे गाजलेले गाणे १८१५ सालचे, 'एर्लक्योनिग' म्हणजे भुतांचा राजा. हीही कविता गटेचीच. वादळी रात्री बाप आजारी मुलाला पुढ्यात घेऊन घोडा दौडवीत आहे. मुलाला भुतांचा राजा दिसतो, बाप म्हणतो ते धुके आहे, वारा आहे. घरी पोचतो तो मूल हातात मेलेले. एकच गाणारा बाप, मूल, भूत आणि सांगणारा अशा चार आवाजांत गातो, आणि पियानोवर घोड्याच्या टापा अशा वाजतात की वाजविणाऱ्याचा हात दुखून येतो.

आता या गाण्याचे मूळ पाहा. गटेने ही कविता १७८२ साली 'कोळीण' या छोट्या संगीत नाटकासाठी लिहिली होती. ते वायमारजवळ टीफुर्टच्या बागेत, इल्म नदीच्या काठी, रात्रीच्या वेळी उघड्यावर झाले. नाटकातली कोळ्याची मुलगी स्वयंपाक करून बसली आहे. बाप आणि होणारा नवरा मासेमारीहून वेळेवर येत नाहीत. जेवण निवून चालले आहे, आणि वाट पाहता पाहता ती हातातले काम करीत हे गाणे म्हणते. पुढे रागावून, आपण नदीत बुडालो असे भासवून दोघांची चांगली फजिती करते. हे मी वाचले तेव्हा मला हसू आवरेना. केवढे भीषण गाणे, आणि त्याचा जन्म निवत चाललेल्या जेवणापाशी!

ती भूमिका केली कोरोना श्रोटर या नटीने. (नाव ऐकून कोणी तोंडाला पदर लावू नये, बाई अडीचशे वर्षांपूर्वीच्या आहेत.) आणि या गाण्याची पहिली चाल तिचीच. साधी, छोटी, प्रत्येक कडव्याला तीच, लोकगीतासारखी. एका बाईने काम करता करता म्हणावे अशी. शुबर्टची चाल जगभर गेली, त्यामुळे तिची फारशी कोणाला माहीत नाही.

गटेला स्वतःला कोणती धाटणी आवडत होती, ठाऊक आहे? कोरोनासारखीच. त्याचे म्हणणे असे की सर्व कडव्यांना एकच चाल असावी, भाव बदलायचा तो गाणाऱ्याने शब्दांतून बदलावा, आणि संगीताने कवितेवर कुरघोडी करू नये. आपल्या ओव्या आणि आरत्या अशाच नाहीत का? चाल तीच आणि अर्थ पुढे चालला आहे. म्हणून १८१६ साली शुबर्टच्या एका मित्राने त्याची गटेच्या कवितांवरची गाणी मोठ्या आशेने त्या कवीकडे पाठविली, तेव्हा ते बाड शब्दाशिवाय परत आले. १८२५ साली शुबर्टने स्वतः छापील गाणी पाठविली, त्यालाही उत्तर नाही. एका प्रकाशकाने तर 'एर्लक्योनिग' परत पाठविताना ते ड्रेस्डेनच्या दुसऱ्याच एका फ्रान्झ शुबर्टला पाठविले आणि तो गृहस्थ, आपल्या नावावर असले कोणी लिहिले, म्हणून संतापला! शेवटी १८२१ साली मित्रांनी पैसे घालून ते छापविले.

१८३० साली श्रोडर-डेव्हरियंट नावाच्या मोठ्या गायिकेने गटेसमोर शुबर्टचे 'एर्लक्योनिग' गायिले. तेव्हा ऐंशी वर्षांचा तो कवी हेलावला. पूर्वी एकदा ऐकले होते तेव्हा आवडले नव्हते, असे म्हणत त्याने तिची तोंड भरून स्तुती केली. अशा गाण्याने सारे चित्र डोळ्यांपुढे उभे राहते म्हणाला. पण शुबर्ट १९ नोव्हेंबर १८२८ रोजीच, एकतिसाव्या वर्षी, गेला होता.

कवीची आणि चालीची चुकामूक झाली ती एवढ्यावरच थांबत नाही. विल्हेल्म म्युलर नावाचा कवी होता. मला गाता-वाजविता येत नाही, पण माझ्या कवितांत चाली लपलेल्या आहेत, त्या ऐकणारा कोणी समानधर्मी कधीतरी भेटेल, अशा आशयाचे त्याने तरुणपणी रोजनिशीत लिहून ठेवले. भवभूतीची आठवण झाल्यावाचून राहात नाही. तो समानधर्मी शुबर्टच होता. म्युलरच्या कवितांवर त्याने १८२३ साली चक्कीवाल्याच्या सुंदर मुलीची वीस गाणी आणि १८२७ साली 'हिवाळ्यातला प्रवास' ही चोवीस गाणी केली. दोघे कधी भेटले नाहीत. म्युलर १८२७ साली तेहतीस वर्षे पुरी होण्याआधीच वारला. 'हिवाळ्यातला प्रवास' शुबर्टने मित्रांना म्हणून दाखविला तेव्हा त्या खिन्न गाण्यांनी ते गोंधळून गेले. एकाने, मला त्यांतले फक्त लिंडनच्या झाडाचे गाणे आवडले, असे सांगितले. शुबर्ट म्हणाला की मला ही सर्वांपेक्षा प्रिय आहेत आणि तुम्हांलाही होतील. शेवटचे गाणे एका भिकाऱ्याचे. बर्फात अनवाणी उभा राहून तो हाताने फिरवायचे वाद्य वाजवितो आहे, ताटली रिकामी आहे, कुत्री गुरगुरत आहेत. त्याला पियानोवर डाव्या हाताने नुसते दोन सूर धरून ठेवले आहेत, षड्ज आणि पंचम. आपल्या तंबोऱ्याचेच दोन सूर! युरोपी संगीतात इतके मोकळे, ओकेबोके सूर ऐकायची लोकांना सवय नव्हती. आपल्या कानाला मात्र ते घरचे वाटतात.

चक्कीवाल्याच्या मुलीच्या कविता बर्लिनमधल्या एका घरच्या बैठकीत, खेळ म्हणून सुरू झाल्या होत्या. त्या मंडळींत विल्हेल्म हेन्सेल नावाचा चित्रकार होता. पुढे त्याचे लग्न झाले ते फॅनी मेंडेल्सोनशी. हिची हकीकत थोडी सविस्तर सांगते.

फॅनी १८०५ साली जन्मली. तिचा धाकटा भाऊ फेलिक्स मेंडेल्सोन जगप्रसिद्ध झाला. दोघे एकाच गुरूंकडे शिकले आणि दोघांची बुद्धी सारखीच तल्लख. पण फॅनी चौदा वर्षांची असताना वडिलांनी तिला पत्र लिहून कळविले की संगीत हा फेलिक्सचा कदाचित व्यवसाय होईल; तुझ्यासाठी ते केवळ भूषण असेल. दागिना! तरी तिने गटे, हाइने, आइखेनडॉर्फ अशा कवींच्या कवितांना चाली लावणे सोडले नाही. तिची अडीचशेच्या घरात गाणी आहेत. त्यांतली सहा फेलिक्सने आपल्या दोन संग्रहांतून, आपल्याच नावाने, १८२७ आणि १८३० साली छापली. भावाचे बहिणीवर प्रेम नव्हते असे कोणी म्हणू नये, जीव की प्राण होता. फक्त तिने स्वतःच्या नावाने छापावे हे त्याला पटत नव्हते.

पुढे १८४२ साली फेलिक्स लंडनला राणी व्हिक्टोरियाच्या राजवाड्यात गेला. राणीला गाण्याची हौस. तिने त्याच्या संग्रहातले आपले आवडते गाणे म्हणून दाखविले. ग्रिलपार्झर या कवीचे, इटली देशावरचे. आणि नेमके ते फॅनीचे निघाले! फेलिक्सने तसे कबूल केले, आणि ते जड गेले असे आईला पत्रातून कळविले. इंग्लंडची राणी ज्या बाईचे गाणे आवडीने म्हणत होती, ती बाई बर्लिनला घर सांभाळीत होती आणि तिचे नाव पुस्तकावर नव्हते.

तिच्या नवऱ्याने मात्र तिला सदैव उत्तेजन दिले, हे सांगितले पाहिजे. दर पंधरवड्याला घरी रविवारच्या बैठका भरत, फॅनी वाजवी, गायकवृंद चालवी, आणि शंभरावर माणसे ऐकायला येत. १८४६ साली, चाळीस उलटल्यावर, तिने सहा गाणी स्वतःच्या नावाने छापली. पहिलेच गाणे हाइनेच्या कवितेवरचे. एका वर्षाच्या आत, १४ मे १८४७ रोजी, रविवारच्या बैठकीसाठी गटेच्याच कवितेवरच्या भावाच्या रचनेची तालीम चालू असताना पियानोवर तिचे हात बधिर झाले आणि त्याच रात्री ती गेली. आदल्या दिवशी तिने आइखेनडॉर्फच्या कवितेला चाल लावली होती. डोंगरावरच्या आनंदाचे गाणे ते. तिची कितीतरी गाणी हस्तलिखितातच राहिली आणि आमच्या पिढीच्या हयातीत हळूहळू बाहेर येत आहेत.

आता थोडे आपल्या देशाविषयी. या कवींना हिंदुस्थानचे मोठे वेड होते. 'शाकुंतला'चे जर्मन भाषांतर १७९१ साली झाले आणि गटेने त्यावर स्तुतिपर कविता लिहिली. 'फाउस्ट'च्या आरंभी नाटकवाल्यांचा जो संवाद आहे तो आपल्या सूत्रधार-नटीवरून सुचला, असे अभ्यासक मानतात. शुबर्टने १८२० साली 'शकुंतला' ऑपेरा करायला घेतला होता, तो पुरा झाला नाही. हाइन्रिख हाइने बॉन येथे शिकत असताना तेथे श्लेगल हे संस्कृतचे प्राध्यापक होते. हाइनेच्या एका कवितेत प्रियकर प्रेयसीला गाण्याच्या पंखांवर बसवून गंगेकाठी नेतो. तिला चाल लावली फेलिक्स मेंडेल्सोनने. दुसरी कविता कमळावर आहे. कमळ सूर्याला भिऊन मान खाली घालते आणि रात्री चंद्र आला की उमलते. आपल्या घरचे पोरही सांगेल की सूर्याबरोबर उमलते ते कमळ आणि चंद्राबरोबर उमलते ते कुमुद. पण हाइनेने गंगा पाहिली नव्हती, त्याला एवढी सूट द्यावी.

या कमळाला रॉबर्ट शूमानने १८४० साली चाल लावली. ते वर्ष त्याच्या आयुष्यातले मोठे. लाइपझिग येथे त्याचे क्लारा वीक हिच्याशी लग्न ठरत होते. क्लारा लहानपणापासून पियानोवादनात युरोपभर नाव कमावलेली. तिच्या वडिलांचा लग्नाला कडवा विरोध होता आणि प्रकरण कोर्टात गेले होते. त्या एका वर्षात शूमानने सव्वाशेहून अधिक गाणी केली, हाइनेची, रुकर्टची, आइखेनडॉर्फची. कमळाचे गाणे ज्यात आहे तो सव्वीस गाण्यांचा संग्रह त्याने क्लाराला लग्नाची भेट म्हणून दिला. कोर्टाने परवानगी दिली आणि १२ सप्टेंबर १८४० रोजी, तिला एकवीस वर्षे पुरी होण्याच्या आदल्या दिवशी, लग्न लागले.

त्याच वर्षी जुलैत, कोर्टाचा निकाल लागायचा होता तेव्हा, त्याने आठ गाण्यांची एक माळ केली, 'स्त्रीचे प्रेम आणि जीवन'. कविता शामिसोच्या, १८३० सालच्या. हा शामिसो वनस्पतींचा अभ्यासक. रशियन जहाजातून पृथ्वीप्रदक्षिणा करून आलेला. पहिल्या गाण्यात मुलगी त्याला पाहते आणि मग तिला दुसरे काही दिसेनासे होते. मग तो सर्वांत थोर, मी त्याच्या योग्यतेची नाही. मग त्याने मला निवडले यावर विश्वास बसत नाही. मग अंगठी, मग लग्नाच्या दिवशी बहिणींनी सजविणे, मग नवऱ्याला दिवस गेल्याचे सांगणे, मग मूल छातीशी. आठव्यात नवरा मरतो. ती म्हणते, तू मला पहिले दुःख दिलेस ते हे. जग रिकामे झाले, मी माझ्या आत परतते. गाणारी थांबते आणि पियानो एकटाच अगदी पहिले गाणे पुन्हा वाजवितो, तिने त्याला प्रथम पाहिले तेव्हाचे. शब्द नाहीत. हे ऐकताना माझ्या डोळ्यांना पाणी आले, खोटे कशाला सांगू?

मग मला कळले की शामिसोच्या कविता आठ नाहीत, नऊ आहेत. नवव्या कवितेत ही बाई म्हातारी झाली आहे. मुलीच्या मुलीला जवळ घेऊन आपल्या जुन्या दिवसांविषयी सांगते आहे, तिला आशीर्वाद देते आहे. म्हणजे कवीने तिला जगविले होते. नवरा गेल्यावर तिने मूल वाढविले, मुलीचे लग्न केले, नात पाहिली. शूमानने ती कविता घेतली नाही. गाण्यांच्या माळेच्या दृष्टीने त्याचे बरोबर असेल. पहिली चाल शेवटी परत आल्यावर पुढे काही नको वाटते, हे मलाही कळते. तरीपण त्या आजीला बाहेर ठेवले ते मला सलते. आपल्या या सभागृहातच पाहा, नवरा गेल्यावर सगळे उभे केलेल्या बायका किती बसल्या आहेत! त्यांच्या आयुष्याचे गाणे आठव्या गाण्याशी संपले नाही.

आणि क्लाराचेही नाही. तिला आठ मुले झाली. त्यांतले एक तान्हेपणीच गेले. १८५४ साली रॉबर्टने मन बिघडल्याने ऱ्हाईन नदीत उडी घेतली. त्याला वाचविले, पण पुढे तो वेड्यांच्या इस्पितळातच राहिला आणि २९ जुलै १८५६ रोजी वारला. क्लारा तेव्हा छत्तीस वर्षांची, पदरी सात मुले. ती त्यानंतर चाळीस वर्षे जगली. गावोगाव मैफली केल्या, मुलांचे पोट भरले, १८७८ पासून फ्रँकफुर्टच्या संगीतविद्यालयात शिकविले, नवऱ्याच्या सर्व रचना संपादून छापविल्या. शूमानने गाळलेली नववी कविता तिने अशी जगून दाखविली.

ती स्वतःही चाली लावीत असे. लग्नाआधी तिने रोजनिशीत, बाईने रचना करण्याची इच्छा धरू नये, अशा अर्थाचे लिहिले आहे, इतका त्या काळचा समज तिच्याही मनात मुरलेला. रॉबर्टने मात्र तिला रचना करायला लावले. लग्नानंतरच्या पहिल्या नाताळात तिने त्याला तीन गाणी भेट दिली. मग दोघांनी मिळून रुकर्टच्या कवितांचा संग्रह केला, नऊ गाणी त्याची आणि तीन तिची. कोणते कोणाचे हे त्यात छापलेच नाही. हा रुकर्ट संस्कृतचा जाणकार, आपल्या नल-दमयंतीची कथा त्याने १८२८ साली जर्मनमध्ये नेली. इतके सगळे असूनही घरात भिंती पातळ, तो रचना करीत असला की तिला पियानोचा सराव बंद ठेवावा लागे. आणि रॉबर्ट गेल्यावर तिने रचना जवळजवळ सोडलीच.

१८४४ साली तिची सहा गाणी प्रसिद्ध झाली. त्यांतले शेवटचे गाणे गाइबेल या कवीचे, आणि तेही कमळाचेच. निळ्या पाण्यावर कमळ शांत उभे आहे. चंद्र आपला सगळा प्रकाश त्याच्यावर ओततो. एक पांढरा हंस त्याच्याभोवती फिरत फिरत गातो आहे, गात गात मरायला निघाला आहे, आणि कवी फुलाला विचारतो, तुला हे गाणे कळते का? रॉबर्टच्या कमळाचे गाणे शेवटी घरी येते, षड्जावर येऊन स्थिरावते. क्लाराचे तसे नाही. ज्या अधांतरी सुरांवर ते सुरू झाले, त्यांवरच ते थांबते. पहिल्यांदा ऐकताना मला वाटले, मोबाईलच बंद पडला!

दोन्ही कमळे एकामागून एक आपल्याला आता ऐकायची आहेत. आधी रॉबर्टचे, मग क्लाराचे. मिळून पाच मिनिटे लागतील. चहा तयार आहे असे स्वयंपाकघरातून सांगत आहेत, तो गाणी झाल्यावर घेऊ.